बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत?

२०१९ सालच्या जानेवारीत एका माध्यमिक शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. बक्षीस-समारंभ संपला आणि विज्ञानाच्या बाई दोन्ही हातांत चषकांचा ढीग घेऊन व्यासपीठावरून उतरू लागल्या. व्यासपीठ म्हणजे बाके जोडून त्यांवर सतरंज्या अंथरलेल्या, आणि पायरी म्हणजे पुढे ठेवलेले एक स्टूल. चषकांमुळे समोरचे दिसत नव्हते. जमीन आली असे समजून त्यांनी पाय टाकला, तो स्टुलाच्या कडेवर पडला. तळवा आतल्या बाजूला वळला आणि बाई खालीच बसल्या.

दोघींनी धरून त्यांना खुर्चीवर बसवले. बघता बघता उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. पाय टेकवेना. मुख्याध्यापक अनुभवी गृहस्थ. ते पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, बोटं हलवून दाखवा बरं." बाईंनी बोटे हलवली. "हलतात ना? मग हाड शाबूत आहे. नुसता मुरगळलाय." जमलेल्या सर्वांना हायसे वाटले. त्यांत मीही होतो. ज्याचा पोटापाण्याचा धंदाच मोजमापाचा आहे, अशा मला त्या वेळी एवढेही विचारावेसे वाटले नाही, की ही कसोटी कोणी कधी तपासून पाहिली आहे काय?

पुढची हकीकत बाईंच्या पत्रातून कळली. घरी आंबेहळदीचा लेप झाला, ओळखीच्या एका मालीशवाल्याने रोज सकाळी तेल लावून पाय चोळला, पाचव्या दिवसापासून बाई रिक्षाने शाळेत जाऊ लागल्या. सतराव्या दिवशीही सूज उतरेना, तेव्हा जिल्ह्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. एक्स-रेत घोट्याचे बाहेरचे हाड मोडलेले दिसले. मधल्या दिवसांत त्या पायावर चालल्यामुळे तुकडा सरकला होता. शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात, तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं," असे डॉक्टर म्हणाले. ते वाक्य बाईंनी पत्रात जसेच्या तसे लिहिले होते.

बोटांच्या कसोटीत चूक कुठे आहे? पायाची बोटे हलवणारे स्नायू घोट्यात नसतात. काही पोटरीत व नडगीलगत असतात, काही तळव्यात. पोटरीतल्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे दोऱ्यांसारखी चिवट टोके, घोट्याला वळसा घालून बोटांपर्यंत जातात. शेजारचे हाड मोडले म्हणून दोरी तुटत नाही. घराची एक भिंत पडली तरी विजेची तार शाबूत असेल तर दिवा लागतोच. दिवा लागतो म्हणून भिंत उभी आहे, असा निष्कर्ष आपण काढला होता.

घोट्याची रचना

वाचकांनी येथे थोडे थांबून स्वतःचा घोटा हाताने चाचपून पाहावा. आत आणि बाहेर असे हाडांचे दोन उंचवटे लागतात. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचे खालचे टोक आहे, तर बाहेरचा उंचवटा नडगीशेजारी असलेल्या बारीक हाडाचे, म्हणजे बहिर्जंघिकेचे, टोक आहे. दोन्हींवर एकेक बोट ठेवून पाहिले, तर बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली आणि थोडा मागे आहे हे लगेच कळते. या दोहोंच्या कवेत टेलस नावाचे हाड बसते. सुताराच्या कुसू-साळीच्या सांध्यासारखी ही बैठक आहे. तथापि एक गंमत आहे. टेलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे काही मिलिमीटरने अरुंद असतो. पाऊल वर उचलले, म्हणजे बोटे नडगीकडे आणली, की रुंद भाग पाचरीसारखा कवेत घट्ट बसतो. बोटे जमिनीकडे झुकवली की अरुंद भाग कवेत येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना, उडी मारून खाली येताना, खो-खोमध्ये खांबाकडे झेपावताना आपली बोटे जमिनीकडेच झुकलेली असतात. घोटा नेमका अशा वेळी मुरगळतो, यात नशिबापेक्षा भूमितीचा भाग अधिक आहे.

हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे पट्टे म्हणजे अस्थिबंध. आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला एक जाड अस्थिबंध आहे. बाहेरच्या बाजूला मात्र तीन सुटे पट्टे आहेत, पुढचा, मधला आणि मागचा, आणि पुढचा त्यांत सर्वांत दुबळा. तळवा आत वळला की ताण प्रथम त्याच्यावर येतो. काही धागे ताणले गेले, काही तुटले, की पट्टाच तुटला, यावरून डॉक्टर दुखापतीची पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी ठरवतात. पट्टा तुटण्याऐवजी कधी तो ज्या हाडाला चिकटलेला असतो त्याचा कपचा उडतो, आणि जोर अधिक असेल तर हाडच मोडते. वरून तिन्ही प्रकारांत दृश्य सारखेच दिसते. सूज, वेदना, दुसऱ्या दिवशी काळेनिळे पडलेले पाऊल. 'कट्' असा आवाज आला म्हणजे हाड गेले, असेही नसते. अस्थिबंध तुटतानाही आवाज येतो.

हाड थोडेसे सरकल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मृतदेहांच्या घोट्यांतील टेलस १ मिलिमीटरने बाहेर सरकवून पाहिले, तेव्हा वरच्या हाडाशी त्याचा संपर्क असलेले क्षेत्रफळ सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झाले. भार तोच आणि क्षेत्रफळ कमी, म्हणजे दाब वाढला. नववी-दहावीचा विद्यार्थीही हे सूत्र मांडू शकेल. वर्षानुवर्षे असा दाब पडलेली कूर्चा झिजते आणि घोट्याचा संधिवात मागे लागतो. अर्ध्या आगपेटीच्या काडीच्या जाडीइतक्या फरकासाठी सर्जन शस्त्रक्रियेचा आग्रह का धरतात, ते यावरून ध्यानात यावे.

ओटावाची चाळणी

मग मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याचा एक्स-रे काढावा काय? बऱ्याच देशांत पूर्वी तसेच करीत. पण त्यांपैकी बहुतेक एक्स-रेत हाड धडधाकटच निघे. कॅनडाच्या ओटावा शहरातील दोन रुग्णालयांच्या अपघात विभागांत इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मोजमापाने सोडवायचे ठरवले. घोटा दुखावलेल्या ७५० प्रौढ रुग्णांची त्यांनी ठरावीक पद्धतीने तपासणी केली. सूज किती, कुठे दाबल्यावर दुखते, चालता येते का, अशा ३२ बाबी एक्स-रे पाहण्यापूर्वीच नोंदवल्या. नंतर एक्स-रेतील निष्कर्षांशी त्यांचा ताळा घातला. कोणत्या मोजक्या खुणा धरल्या असता एकही महत्त्वाचा अस्थिभंग निसटत नाही, हे त्यातून हाती आले. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या नियमात रुग्णाचे वय ५५ वा अधिक असणे ही एक अट होती. १९९३ साली नियम सुधारताना ती वगळण्यात आली.

हे नियम आज जगभर 'ओटावा नियम' म्हणून ओळखले जातात. घोट्याच्या उंचवट्यांजवळ वेदना आहे आणि पुढीलपैकी एखादी खूण आहे, तर एक्स-रे काढावा. बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, हाडावर दाबले असता दुखणे. आतल्या उंचवट्याबाबत तसेच दुखणे. किंवा दुखापतीनंतर लगेच आणि पुन्हा तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. लंगडत टाकलेली पावलेही पावलेच धरतात. मागची कडच का? अस्थिबंध मुख्यतः उंचवट्याच्या पुढे आणि खाली आहेत. मुरगळलेल्या पायात तो भाग दुखणारच, म्हणून तेथे दाबून हाडाविषयी काही कळत नाही. मागच्या कडेवर हाड जवळजवळ उघडे असते. ते दुखले तर हाडाविषयी शंका घ्यावी.

वेदना घोट्याऐवजी पावलाच्या मध्यभागी असेल, तर दाबून पाहायच्या जागा दोन: करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध लागणारा हाडाचा गड्डा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे असलेले नौकेच्या आकाराचे हाड. या गड्ड्याजवळच्या अस्थिभंगाची एक कथा आहे. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स नाचताना स्वतःच पाय दुखावून बसले. त्यांनी आपल्या पायाचा एक्स-रे काढून घेतला, तेव्हा घोट्यात काही न सापडता करंगळीच्या रेषेतले हाड मोडलेले दिसले. मग तसेच आणखी रुग्ण गोळा करून १९०२ साली त्यांनी निबंध लिहिला, आणि त्या अस्थिभंगाला आज त्यांचेच नाव आहे. घोटा मुरगळला म्हणून फक्त घोट्याचाच एक्स-रे काढला, तर असा अस्थिभंग चित्राच्या चौकटीबाहेर राहू शकतो.

ओटावाच्या आकड्यांवर वर्गात चांगले गणित घेता येईल. घोट्याचे ६८९ एक्स-रे निघाले. त्यांत महत्त्वाचे अस्थिभंग ७०, उरलेले ६१९ घोटे अभंग. नियमाने ७० च्या ७० अस्थिभंग पकडले. यालाच कसोटीची संवेदनक्षमता १०० टक्के आहे असे म्हणतात. ६१९ अभंग घोट्यांपैकी ४०.१ टक्के, म्हणजे सुमारे २४८ जणांना एक्स-रेची गरज नाही, असेही नियमाने बरोबर सांगितले. ही झाली विशिष्टता. म्हणजे ६८९ पैकी २४८, अर्थात ३६ टक्के एक्स-रे वाचले असते. राहिले ४४१. त्यांत प्रत्यक्ष अस्थिभंग ७०, म्हणजे साधारण सहांत एक. तेव्हा 'नियमात बसले' याचा अर्थ 'हाड मोडले' असा नाही. चाळणी मुद्दाम बारीक ठेवली आहे. खडा एकही निसटू नये, थोडे धान्य वर राहिले तरी चालेल. २००३ साली २७ अभ्यासांचा आणि १५,५८१ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नियमाने चुकवलेले रुग्ण ४७ निघाले. म्हणजे हजारी तीन.

आता बाईंकडे परत जाऊ. त्यांना त्या संध्याकाळी पाय टेकवत नव्हता, चार पावले तर दूरच. उंचवट्याची मागची कड आम्ही कोणी दाबूनही पाहिली नाही. पैशाचे, यंत्राचे काम नव्हते. अंगठ्याचे काम होते.

या चाळणीलाही मर्यादा आहेत. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, ज्याने मद्य घेतले आहे, ज्याला दुसरीकडे मोठी दुखापत होऊन लक्ष तिकडे आहे, अशा माणसाच्या 'दुखत नाही' या उत्तरावर विसंबता येत नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक जुना प्रश्न आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा अस्थिबंधापेक्षा दुबळी असते, म्हणून मुलांचा घोटा मुरगळत नाही तर ही कूर्चाच दुभंगते, असे डॉक्टरांना वर्षानुवर्षे शिकवले जाई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, एक्स-रे निर्दोष असूनही अशी शंका असलेल्या १३५ मुलांचे एमआरआय काढले, तेव्हा कूर्चा दुभंगलेली फक्त चौघांत आढळली. बहुतेकांना अस्थिबंधाची दुखापत होती. वैद्यकशास्त्रातही 'बोटे हलतात' या जातीची वाक्ये असतात तर! तरीपण पाय टेकवत नसलेले मूल डॉक्टरांना दाखवावे हे खरेच. शाळेने त्याला 'बसून राहा, बरे होईल' असे सांगू नये.

काही खुणांपुढे चाळणीचाही विचार करायचा नाही. पाऊल वेडेवाकडे दिसते, जखमेतून हाड डोकावते, बोटे थंड, पांढरी वा निळी पडली आहेत किंवा बधिर झाली आहेत, तर त्याच तासात रुग्णालय गाठावे. पाय आहे त्या स्थितीत फळी वा जाड पुठ्ठा बांधून आधार द्यावा. ओढून सरळ करू नये.

मुरगळण्याच्या नावाखाली दोन दुखापती फार लपतात. एक टाचेमागच्या जाड कंडरेची. पळताना मागून कोणी लाथ मारली असे वाटते, वळून पाहावे तो कोणीच नाही. रुग्ण चालतो, पाऊलही थोडे खाली दाबतो, कारण इतर स्नायू शिल्लक असतात. रुग्णाला पालथे झोपवून पावले पलंगाबाहेर ठेवावीत आणि पोटरी हाताने दाबावी. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली हलते. तुटली असेल तर हलत नाही. हे आपल्या धडधाकट पायावर आजच करून पाहण्यासारखे आहे. दुसरी दुखापत नडगीच्या दोन हाडांना एकत्र बांधणाऱ्या पट्ट्याची. येथे वेदना घोट्याच्या वर असते, पाऊल बाहेर वळवले की वाढते, आणि बरे व्हायला साध्या मुरगळीपेक्षा बराच अधिक काळ लागतो. या दोन्हींची शंका आली तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

एक्स-रे चांगला आला, पुढे?

येथे दुसरी चूक होते. 'एक्स-रे नॉर्मल' हे शब्द ऐकले की आपण विषय संपला असे समजतो. क्ष-किरण कॅल्शियमने भरलेल्या हाडात अडतात. अस्थिबंध आणि कूर्चा यांतून ते जवळजवळ तसेच पार होतात. तुटलेला अस्थिबंध साध्या एक्स-रेत दिसतच नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणे, शेकणे टाळावे. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर जोराने तेल चोळले की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. पाय उशीवर उंच ठेवावा, पट्टी बांधावी, दुखण्यापुरता बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ लावावा. (गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली विश्रांती आणि बर्फाचा मंत्र लोकप्रिय केला. बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो, असे २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले. असा कबुलीजबाब विज्ञानातही वारंवार वाचायला मिळत नाही.) मग दुखणे सोसेल तसा पाय हलवायला व टेकवायला लागावे. मात्र मुरगळ गंभीर असेल तर नुसत्या नळीदार ताणपट्टीवर भागवू नये. ब्रिटनमध्ये ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनंतर अशी पट्टी वापरणारे सर्वांत मागे राहिले होते. दहा दिवसांचे प्लास्टर त्याहून सरस ठरले, जरी नऊ महिन्यांनंतर फरक उरला नव्हता.

आठवड्याभरात भार टाकता येत नाही, किंवा सहा आठवड्यांनंतरही घोटा सुजतो, अडकतो, सपाट रस्त्यावर 'दगा देतो', तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली आहे. कदाचित टेलसवरच्या कूर्चेचा टवका उडाला असेल, आणि तो एमआरआयमध्ये दिसेल. दुखापत मुळीच नसताना घोटा सुजला, तर तो निराळा विषय आहे. ताप असेल तर सांध्यातला जंतुसंसर्ग, चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी, गाऊट. मधुमेही व्यक्तीचा घोटा गरम, लाल आणि सुजलेला असूनही फारसा दुखत नसेल, तर ते सर्वांत चिंतेचे. त्यात हाडे आतल्या आत ढासळत असू शकतात. अशा माणसाने त्या पायावर चालू नये आणि लगेच दाखवावे.

घोटा वारंवार दगा का देतो, याचे एक उत्तर १९६५ साली लंडनच्या फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सुचवले. अस्थिबंध म्हणजे नुसता दोर नव्हे; सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे चेतातंतूही त्यात असतात. पट्टा तुटला की ही बातमीदारीही खंडित होते. पुढे या कल्पनेत स्नायूंतील संवेदकांची भर पडली, पण त्यांनी सुचवलेला उपाय टिकला: एका पायावर उभे राहण्याचे, डुगडुगत्या फळीवर तोल सावरण्याचे व्यायाम. पाऊल वळू लागल्यावर चेतासंदेश जाऊन स्नायू प्रत्यक्ष ओढ घेईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडा अधिक वेळ जातो. एवढ्या अवधीत घोटा मुरगळून गेलेला असतो. म्हणून पाऊल टेकण्यापूर्वीच स्नायू सज्ज असावे लागतात, आणि ती सवय सरावाने लागते. हा सराव शिकवणे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम. तीन ते सहा महिने तो नेटाने करूनही घोटा सैलच राहिला, तर तुटलेले अस्थिबंध शिवण्याची शस्त्रक्रिया आहे. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली वर्णिलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरतात.

या तोलाची चाचणी वर्गात सहज घेता येते. भिंतीजवळ, अनवाणी, एका पायावर उभे राहून डोळे मिटायचे आणि दुसरा पाय टेकेपर्यंत किती सेकंद जातात ते शेजाऱ्याने मोजायचे. डोळे उघडे असताना मोजलेला वेळ आणि मिटल्यावरचा वेळ यांतील फरक पाहून मुले चकित होतात. पूर्वी कधी घोटा दुखावलेला असेल, तर दोन पायांच्या वेळांची तुलना करावी.

बाईंनी प्लास्टर निघाल्यावर हा प्रयोग नववीच्या वर्गाबरोबर केला. दर शनिवारी स्वतःचा आकडा त्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. पहिल्या शनिवारी डावा पाय २१ सेकंद, उजवा ३. दिवाळीच्या सुमारास आलेल्या पत्रात उजव्या पायाचे १८ झाल्याचे कळवले होते. वर्गातल्या एका मुलीचे दोन्ही पायांचे आकडे फार वेगळे येत होते. चौकशी केल्यावर ती गेली दोन वर्षे खो-खोत तोच घोटा पट्टी बांधून खेळत असल्याचे निघाले. तिला घेऊन बाई त्याच डॉक्टरांकडे गेल्या.